सुरापानाचे शील आणि संघाचे दार

नीतिशास्त्रात मद्यपान हा सहसा एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीचा प्रश्न मानला जातो. पिणारा आपल्या इच्छेने पितो, म्हणून दोषही त्याच्याच पदरी पडतो, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु ज्याला घराने, जातीने आणि गावाने कमीअधिक प्रमाणात नाकारले आहे, आणि ज्याला आपल्यासारख्यांची सोबत जिथे दारू असते तिथेच मिळते, त्याच्या हातातला पेला केवळ त्याच्या इच्छेचा पुरावा ठरतो काय, हा प्रश्न समलैंगिक, उभयलैंगिक आणि पारलिंगी माणसांच्या संदर्भात, त्यातही दलित, आदिवासी आणि विमुक्त जमातींत जन्मलेल्यांच्या संदर्भात, टाळता येत नाही. या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीवरून करण्याला विशेष कारण आहे. कारण दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया, पंचशील नित्य म्हणणारी बौद्ध वस्ती आणि मोहफुलांच्या दारूला देवकार्यात मान देणारे गोंड-कोलाम समाज येथे एकमेकांच्या शेजारी राहतात, आणि मद्याविषयीच्या या तिन्ही दृष्टी एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात, समोरासमोर येतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इलान मायर यांनी १९९५ मध्ये आणि पुढे २००३ मध्ये ‘अल्पसंख्याकांचा ताण’ ही संकल्पना मांडली. समाजाने कलंकित ठरवलेल्या गटातील माणसाला रोजच्या सामान्य विवंचनांखेरीज आणखी एक ताण सोसावा लागतो, तो त्याच्या स्वभावातून नव्हे तर भोवतालच्या वैरभावातून येतो, आणि पुढे नैराश्य किंवा व्यसनाच्या रूपाने बाहेर पडतो, असा तिचा आशय आहे. किंबर्ले क्रेनशॉ या कायदेपंडित विदुषीने १९८९ मध्ये दाखवून दिले की कृष्णवर्णीय स्त्रीवरचा अन्याय म्हणजे वर्णाचा अन्याय अधिक स्त्रीत्वाचा अन्याय अशी बेरीज नसते, तर दोन्ही व्यवस्था जिथे एकमेकींना छेदतात तिथे तिसऱ्याच प्रकारची कोंडी तयार होते. मराठी वाचकाला हा विचार परका नाही. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिदृष्टीची मांडणी केली, तिचे सूत्र याच्या जवळचे आहे. समलैंगिक माणसांविषयी बोलताना मात्र आपल्याकडे हे सूत्र अजून फारसे लावले जात नाही आणि ‘समलैंगिक’ म्हटले की महानगरातला, सुशिक्षित, इंग्रजी बोलणारा तरुणच डोळ्यांपुढे आणला जातो.

अमेरिकेतील समलैंगिकांच्या इतिहासात मद्यगृहाला जे स्थान मिळाले, ते आवडीने मिळालेले नाही. चर्च, कुटुंब आणि कचेरी ही तिन्ही दारे बंद असल्यामुळे जी एक जागा उरली ती म्हणजे दारूचे दुकान, आणि तीही सुरक्षित नव्हती. न्यूयॉर्कमध्ये समलैंगिक गिऱ्हाइकाला दारू वाढणे हेच दुकानाचा परवाना धोक्यात आणणारे मानले जाई, आणि २१ एप्रिल १९६६ रोजी काही कार्यकर्त्यांनी ज्यूलियस नावाच्या मद्यगृहात जाऊन, आपण समलैंगिक आहोत असे आधी सांगून मग दारू मागितली, हे त्या व्यवस्थेविरुद्धचे एक आंदोलनच होते. जून १९६९ मधला प्रसिद्ध उठावही स्टोनवॉल या मद्यगृहावरच्या पोलिसी धाडीतून पेटला. म्हणजे या समाजाचा हक्कांचा लढा आणि त्याचे पिणे एकाच छपराखाली वाढले. त्या छपराखालीही सर्वांना सारखी जागा नव्हती, कारण कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर समलैंगिकांना दारातच अडवून एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रे मागण्याची रीत अनेक शहरांत होती. ज्याला आपल्या वंशाच्या माणसांत समलैंगिक म्हणून आणि समलैंगिकांत आपल्या वंशामुळे परके ठरवले जाते, तो एकमेव उघड्या दारातून आत शिरण्यासाठी वाटेल ती किंमत मोजतो, आणि ती किंमत पुष्कळदा पेल्यात मोजली जाते. समुदायाशी नाते जुळले की आधार मिळतो आणि त्याच वेळी पिणेही वाढू शकते, हा तिथल्या अभ्यासकांना पडलेला पेच इथून सुरू होतो.

हा पेच यवतमाळला आणताना नाव बदलते, रचना बदलत नाही. येथे गौरेतर हा शब्द निरर्थक आहे. त्याच्या जागी जात, जमात आणि बोली येतात. समलैंगिकांसाठी मुंबईत १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ आणि पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांचा ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू झाला, नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ काम करू लागला. परंतु झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, तरुणाला नागपूर गाठायचे तरी जाण्यायेण्यात दिवस आणि मजुरी दोन्ही जातात, आणि तिथे पोचल्यावर ज्या मेजवानीत सगळे मोकळे होतात तिथल्या प्रवेशमूल्याचा, कपड्यांचा आणि भाषेचा प्रश्न उरतोच. याच जिल्ह्यात २०१७ च्या अखेरीस, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्याच्या आधी, अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका यवतमाळकराने आपल्या पुरुष जोडीदाराबरोबर आप्तमित्रांच्या उपस्थितीत यवतमाळ शहरात विवाहसोहळा केला आणि त्याच्या बातम्या देशभर झाल्या. त्या घटनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही शिक्षण, परदेशी मिळकत आणि शहरातले हॉटेल यांच्या आधाराने जे दार ढकलता आले, ते पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या माणसाला ढकलता येईल असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता प्रश्नाच्या धार्मिक अंगाकडे वळता येते. पंचशीलातील पाचवे शील मद्य वर्ज्य करते, आणि त्याचे कारणही देते, की मद्य हे प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान आहे. हा नियम भिक्षूंसाठी कसा आला याची हकीकत विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, आहे आणि ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. सागत नावाच्या स्थविराने एका भयंकर नागाला नमवले, त्यामुळे त्याची कीर्ती पसरली, आणि तो कोसंबीला आला तेव्हा तिथल्या उपासकांना त्याचा सत्कार कसा करावा हे सुचेना. काही उनाड भिक्षूंच्या सल्ल्यावरून त्यांनी घरोघरी उंची, नितळ मद्य तयार ठेवले, आणि सागत भिक्षेला निघाला तेव्हा प्रत्येक दारात त्याला आदराने ते पाजले. परिणामी नगराबाहेर पडताना तो वेशीतच कोसळला. इतर भिक्षूंनी त्याला उचलून विहारात आणले आणि बुद्धांच्या पायांकडे डोके करून निजवले, तर तो उलटून त्यांच्याकडे पाय करून झोपला. तेव्हा बुद्धांनी भिक्षूंना विचारले की हा पूर्वी आदराने वागत होता ना, आणि नागाला नमवणारा हा आता साध्या पाणसरड्याशी तरी झुंजू शकेल काय. आणि मग नियम घातला.

या कथेतील तीन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. पहिली ही, की सागत व्यसनी नाही. तो पितो कारण त्याला आपलेसे मानणारे लोक तो मान पेल्यातून देतात, आणि एका दारात घेतल्यावर दुसऱ्या दारात नाकारणे म्हणजे त्या घराचा अवमान ठरेल अशी स्थिती त्याच्याभोवती उभी केली जाते. दुसरी, संघ त्याला वेशीत टाकून जात नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: जो नियम होतो तो पाचित्तिय वर्गातला, म्हणजे कबुली दिल्यावर ज्याचे क्षालन होते अशा अपराधांच्या वर्गातला. पाराजिक नावाचे जे अपराध आहेत, ज्यांच्यामुळे भिक्षू संघातून कायमचा बाहेर होतो, त्यांत मद्यपान नाही. प्यालेला भिक्षू भिक्षूच राहतो, आणि सावध झाल्यावर आपल्या माणसांसमोर दोष सांगून पुन्हा त्यांच्यात बसतो.

आणि तरीही त्याच विनयाच्या महावग्गात ‘पंडक’ म्हटल्या जाणाऱ्या माणसाला उपसंपदा, म्हणजे संघप्रवेशाची दीक्षा, देऊ नये असा नियम आहे. पंडक म्हणजे नेमका कोण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण रूढ पुरुषत्वात न बसणाऱ्या माणसांचा त्यात समावेश होतो हे स्पष्ट आहे. गंमत अशी की एखाद्या भिक्षूचे शरीर स्त्रीचे झाले तर त्याची दीक्षा रद्द करू नये, त्याने भिक्षुणीसंघात जावे, अशीही उदार व्यवस्था विनयपिटकातच आढळते. म्हणजे परंपरेचा आवाज एकसुरी नाही. परंतु मद्यपी भिक्षू आणि पंडक यांना शेजारी ठेवून पाहिले की भेदभावाचे तत्त्वज्ञानातील स्वरूप लख्ख दिसते. कृतीला प्रायश्चित्त असते. असण्याला प्रायश्चित्त नसते. ज्याने काही केले त्याला परत येण्याची वाट आहे, आणि जो काही आहे त्याला ती नाही. भेदभाव म्हणजे एखाद्याचे असणे हेच त्याचे कृत्य आहे असे धरून त्याचा न्याय करणे होय.

वसाहती सरकारने हेच तत्त्व कायद्यात उतरवले. १८७१ च्या ‘गुन्हेगार जमाती कायद्या’च्या पहिल्या भागात काही जमाती जन्माने गुन्हेगार ठरवण्याची तरतूद होती, आणि दुसऱ्या भागात ज्यांना तो कायदा नपुंसक म्हणे त्या तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची, त्यांनी स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास शिक्षा करण्याची, आणि त्यांना मूल दत्तक घेण्यास किंवा मृत्युपत्र करण्यास मनाई करण्याची. हा कायदा आधी उत्तर भारतापुरता होता आणि दुसरा भाग १९११ मध्ये गळला; पहिल्याचा वारसा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला, आणि त्या दिवशी मुक्त झालेल्यांनाच पुढे विमुक्त म्हटले गेले. यवतमाळ जिल्ह्यातील फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जन्मलेला तृतीयपंथी या एका कायद्याच्या दोन्ही भागांचा वारस आहे, ही बाब विमुक्तांच्या इतिहासलेखनात आणि तृतीयपंथीयांच्याही इतिहासलेखनात अभावानेच येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा देताना ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. विदर्भातील हजारो घरांत तिने खरोखर बाटली बाहेर काढली, आणि हा सामाजिक इतिहास गौरवाचा आहे. परंतु ती प्रतिज्ञा एकट्याने घरात बसून घ्यायची नव्हती. ती लाखोंच्या समुदायात, एका नव्या बंधुतेत प्रवेश करताना उच्चारली गेली. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणी भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून आलेली आहेत, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी करुणेच्याही पुढे मैत्रीला स्थान दिले, कारण करुणा मनुष्यमात्रापुरती असते तर मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. शिवाय जे बुद्धिसंगत नाही आणि लोकांच्या कल्याणाचे नाही ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटीही त्याच ग्रंथात आहे. या कसोटीवर पंडकाला वगळणारा नियम टिकत नाही, आणि नवयानी, म्हणजे बाबासाहेबांच्या मार्गाने जाणाऱ्या, विहाराला तो बंधनकारकही नाही. मग आंबेडकरी वस्तीतल्या समलैंगिक मुलाकडून पाचवे शील अपेक्षिताना त्याला मैत्री नाकारणे म्हणजे प्रतिज्ञेचा अर्धा भाग त्याच्याकडून वसूल करणे आणि उरलेल्या अर्ध्याचे देणे बुडवणे होय.

दारू ही आपलेपणाची फी असते, हे वऱ्हाडाला नवे नाही. पूर्वी जातपंचायतीत वाळीत टाकलेल्याला परत घेताना दंडाबरोबर जेवण आणि दारू मागण्याची रीत अनेक जातींत होती. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला मटण-दारूऐवजी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद बिथरले. ज्याचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, त्या देबूने, म्हणजे गाडगेबाबांनी, भावकीने मागितलेली फी भरण्यास नकार दिला होता. बाबांना ते जमले, कारण त्यांनी नकाराबरोबर दुसरा समाज उभा केला, कीर्तनातला, खराट्याचा, धर्मशाळेतला. तो पर्याय ज्याच्याजवळ नाही त्याने फी नाकारली तर तो फक्त एकटा पडतो.

याच भागातील गोंड आणि कोलाम समाजांत मद्याचा अर्थ आणखी वेगळा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुले वेचायची, उन्हात वाळवायची, आंबवून भट्टी लावायची, आणि पहिली धार पिण्याआधी थोडी जमिनीवर देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने सांडायची, हा क्रम आहे. जन्म, लग्न आणि मर्तिक त्याशिवाय पुरे होत नाही. हे पिणे सर्वांसमक्ष असते, त्याला दिवस आणि माप असते. देशी दारूच्या दुकानामागे एकट्याने रिचवलेला पव्वा याच्याशी त्याची गल्लत करणे चूक आहे, आणि आदिवासींच्या बाबतीत ही चूक वारंवार होते. तरीही या सामूहिक पिण्याचे गोडवे गाताना एक प्रश्न विसरता कामा नये, तो म्हणजे पूर्वजांच्या नावाने धार सांडणाऱ्या पंगतीत लग्नाला नकार देणाऱ्या मुलाला किंवा साडी नेसणाऱ्याला कुठे बसवतात.

तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात निदान बसायला जागा मिळते. गुरू-चेला परंपरा घरातून हाकललेल्या मुलाला नाव, छप्पर, भाषा आणि मेल्यावर खांदा देते, आणि तत्त्वतः जन्माची जात डेऱ्याच्या दारातच सोडली जाते. पण बधाई, म्हणजे शुभकार्यातली बिदागी, आणि मंगती, म्हणजे मागून मिळवलेले पैसे, यांवर पोट भागत नाही तेव्हा रात्रीचा धंदा येतो, आणि त्या धंद्यात दारू ही चैन राहत नाही, ती बधिरीकरणाचे काम करते. अशा वेळी शील मोडल्याचा दोष कोणाचा, याचे उत्तर प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांच्या साखळीतून उपजते या, सिद्धांताने द्यायचे तर पिणाऱ्यावर थांबता येत नाही.

यवतमाळला हा धडा दुसऱ्या वाटेने आधीच मिळालेला आहे. शेतकरी आत्महत्येची सरकारी चौकशी झाली की प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते, आणि मृत माणूस प्यायचा असे कागदावर आले की अनेकदा कर्ज, नापिकी आणि भाव हे सगळे मागे पडून मदत नाकारली जाते. दारुडा होता म्हणून मेला, या एका वाक्याने चौकशी संपते. या जिल्ह्यातील विचारी माणसांनी त्या वाक्यावर नेहमी आक्षेप घेतला आहे. तोच आक्षेप, तेवढ्याच ठामपणे, घराबाहेर काढलेल्या आणि पिऊन मेलेल्या समलैंगिक किंवा तृतीयपंथी मुलासाठीही घेतला गेला पाहिजे.

यावर एक सबळ हरकत येते, आणि ती स्त्रियांकडून येते. नवऱ्याची दारू म्हणजे रोजची मारहाण आणि रिकामा डबा हे ज्यांनी सोसले, त्यांनी कारणांच्या साखळ्या का ऐकाव्यात? वर्धा जिल्हा १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्हा १९९३ पासून कोरडे, म्हणजे दारूबंदीचे, चंद्रपूर एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत कोरडे. मधल्या यवतमाळातही ‘स्वामिनी’ अभियानातून स्त्रियांनी जिल्हा दारूबंदीची मागणी लावून धरली. त्यांची बाजू न्याय्य आहे. कारण समजून घेणे म्हणजे जबाबदारी पुसणे नव्हे; नियम झाल्यानंतर प्यालेल्या भिक्षूलाही दोष कबूल करावाच लागतो. परंतु कबुली ऐकायला कोणीतरी हवे, आणि परत बसायला पंगत हवी. बंदीने बाटली हलते, चंद्रपूरच्या बंदीत ती वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या बाजूला मिळू लागली. एकटेपण मात्र जिथल्या तिथे राहते. ज्याला दारूच्या अड्ड्यावरच आपले नाव मोकळेपणाने सांगता येते, त्याचा अड्डा बंद करणाऱ्यावर दुसरी जागा देण्याचे ऋण चढते, आणि ते विहाराने, भजनी मंडळाने, तांड्याच्या पंचांनी आणि दारूबंदीच्या मंडळांनी मान्य केलेले नाही.

कायदा या बाबतीत धर्मसंस्थांच्या पुढे गेला आहे, हे मान्य करायला हवे. २०१६ च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात लैंगिकतेच्या आधारे केलेला भेदही बहिष्कारात मोजला आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरून, उपचार मिळताना जात, लिंग आणि लैंगिक कल यांवरून भेद करण्यास मनाई केली आहे. गावपातळीवरचे चित्र मात्र वेगळे आहे. गावातील दारूचे दुकान उठवण्यासाठी महिला मतदारांच्या यादीवर मतदान घेता येते, चिठ्ठीवर एक उभी आणि एक आडवी बाटली असते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर खूण केली की दुकान बंद होते. मतदार यादीत ‘तृतीयपंथी’ म्हणून नोंदलेल्या माणसाचे नाव त्या यादीत येत नाही. दारूबंदीच्या पुढच्या ग्रामसभेत हा मुद्दा कोणीतरी मांडावा.